शुक्रवारची सुट्टी

आमच्या घरी रविवार हा कामाचा वार होता. बाबा अंबरनाथला मोरिवलीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लेथवर होते. रविवारी सकाळी आम्ही भावंडं अंथरुणात लोळत असताना ते डबा घेऊन बदलापूर स्टेशनकडे निघालेले असत. पुढे रविवारचे मेगाब्लॉक सुरू झाले तेव्हा त्यांचे फार हाल झाले, कारण रेल्वेच्या हिशेबी रविवारी चाकरमानी घरी असतो. बाबांची सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी आम्ही शाळेत. आईने सोळा शुक्रवार धरलेले, म्हणजे घरात आंबट चालत नसे आणि मटणाचं तर नावच नको. गूळ-फुटाणे खात ओसरीवर एकटे बसलेले बाबा, त्यांची सुट्टी म्हटली की मला हेच दिसतं.

मी चौथीत असताना त्यांना विचारलं होतं, सगळ्यांची सुट्टी रविवारी आणि तुमचीच शुक्रवारी का? ते म्हणाले, "विजेमुळे. आज आम्ही मशिनं बंद ठेवली म्हणून दुसऱ्यांची चालतात. काल पुण्याकडच्यांनी ठेवली होती."

एवढंच. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. १९८२ साली मी वीज मंडळात यंत्रचालक म्हणून लागलो, सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये लॉगशीट भरू लागलो, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ हळूहळू उलगडला. आमच्या कागदपत्रांत त्याला 'स्टॅगरिंग' म्हणत. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी भागाभागांत वाटून द्यायची. पिंपरी-भोसरीकडे गुरुवार, आमच्याकडे ठाणे, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात शुक्रवार. सगळे कारखाने रविवारी बंद राहिले तर रविवारी वीज पडून राहणार आणि उरलेले सहा दिवस ती कमी पडणार. सुट्ट्या आठवडाभर पसरल्या की कुठल्याही दिवशी राज्यातले काही कारखाने बंदच असतात आणि मागणीचा डोंगर जरा सपाट होतो. त्यासाठी एकही नवा बॉयलर पेटवावा लागत नाही.

हल्ली याला 'डिमांड रिस्पॉन्स' म्हणतात, मराठीत 'मागणी प्रतिसाद'. परिसंवाद होतात, सॉफ्टवेअर विकलं जातं. ते शिकण्यासारखं आहे यात मला शंका नाही. पण आमच्या अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या तीन गावांच्या पट्ट्यात ही गोष्ट किती जुनी आहे आणि ती कोणाच्या जिवावर चालली, हे कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा खटाटोप.

आमच्या पट्ट्याचं विजेशी नातं तसं मंडळाच्याही आधीचं. बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या अलीकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी भिवपुरीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९२२ साली सुरू झालं. वर ठोकरवाडीच्या धरणातलं पाणी डोंगरातून खाली येतं, चाकं फिरवतं आणि काम झालं की उल्हास नदीत सोडलं जातं. आम्ही लहानपणी बंधाऱ्यावर जायचो तेव्हा ऐन उन्हाळ्यात नदीला पाणी कसं, याचं आम्हाला नवल वाटायचं. मोठी माणसं सांगायची, हे टाटाचं पाणी. मुंबईच्या गिरण्यांना आणि ट्रामना वीज लागली की ते सुटायचं. तेच पाणी बदलापूरच्या बंधाऱ्यावर अडवून अंबरनाथ-बदलापूरच्या नळाला येतं आणि खाली उल्हासनगर-कल्याणपर्यंत पुरतं. मुंबईच्या संध्याकाळच्या दिव्यांवर आमचं प्यायचं पाणी अवलंबून आहे, हे सांगितलं तर आजही पुष्कळांना खरं वाटत नाही.

खाली ठाकुर्लीला जी.आय.पी. रेल्वेने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी चोळे पॉवर हाऊस बांधलं. कल्याण-पुणे मार्गाचं विद्युतीकरण झालं त्याच सुमाराची ही गोष्ट, १९२० च्या दशकाच्या अखेरीची. अंबरनाथला विम्कोची आगपेट्यांची फॅक्टरी आणि धरमसी मोरारजींचा रासायनिक कारखाना आधीच उभे होते. मग दुसरं महायुद्ध आलं. कल्याणजवळच्या माळावर लष्कराची छावणी पडली, बराकींच्या रांगा उठल्या. युद्धाच्या त्या वर्षांत, १९४२ ते १९४५, सरकारने सगळ्या देशाचं घड्याळच एक तास पुढे केलं होतं, म्हणजे माणसं उजेडात कामं उरकतील आणि दिवे कमी जळतील. मागणी हलवण्याचा इतका मोठा प्रयोग पुन्हा या देशात झाला नाही. युद्ध संपलं, घड्याळ मागे आलं, बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' हे शब्द आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत, ते तिथून आले.

२० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं, १९६२ मध्ये एमआयडीसी आली आणि त्याच वर्षी कोयनेची वीज सुरू झाली. कारखाने भराभर वाढले. त्या वाढीचा जीव एका खोऱ्यात किती अडकला होता ते ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कळलं. कोयनेचा भूकंप. तिकडे दूर मुंबईची वीज गेली. बाबा सांगायचे, त्या दिवशी कामावर जाऊन नुसते बसून होतो, मालक कोणालाच घरी पाठवत नव्हता, कारण वीज केव्हाही येईल ही त्याला आशा. दिवसभर बसून राहण्याचा तो राग त्यांच्या मनात कायम होता. शुक्रवारच्या सुट्टीबद्दल मात्र मी त्यांना कधी कुरकुर करताना ऐकलं नाही. घरी एकटं बसावं लागे, तरीसुद्धा.

या फरकावर मी पुढे नोकरीत रोज विचार करत आलो.

कंट्रोल रूममध्ये समोरच्या पॅनेलवर फ्रिक्वेन्सी मीटर असतो. काटा पन्नासवर हवा. वीज साठवून ठेवता येत नाही. त्या क्षणी जेवढी लागते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती पुरेना झाली की जाळ्याला जोडलेली सगळी जनित्रं जराशी मंदावतात आणि काटा खाली येतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत संध्याकाळी सात-आठला तो साडेअठ्ठेचाळीसपर्यंत उतरलेला मी पाहिला आहे. पंख्याचा आवाज बदलायचा. अनुभवी ऑपरेटर मीटर न बघता पंख्यावरून सांगायचे. त्याच्याही खाली गेला तर फ्रिक्वेन्सी रिले आपोआप फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज पोचवणाऱ्या वाहिन्या, पाडतात, कारण तसं केलं नाही तर वीज केंद्रं एकामागून एक स्वतःला वाचवायला जाळ्यातून सुटतात आणि सगळा प्रदेश अंधारात जातो.

रिलेच्या आधी माणसाची पाळी असे. कळव्याच्या भार प्रेषण केंद्राकडून फोन यायचा. आम्ही त्याला 'एलडी' म्हणतो. इतके मेगावॅट कमी करा. यादीतला फीडर बघायचा, ब्रेकर उघडायचा, लॉगशीटवर वेळ टाकायची. दोन मिनिटांत टेबलावरचा दुसरा फोन वाजायला लागे. उल्हासनगरच्या एका गिरणीवाल्याला माझा आवाज पाठ झाला होता. "भाऊ, कितना टाइम?" एवढंच विचारायचा. मला माहीत असायचं तेव्हा मी सांगायचो. माहीत नसायचं तेव्हा तो जे गप्प होई, ते ऐकवत नसे. गव्हाचं दळण अर्धं होऊन चक्कीत अडकलेलं, समोर बायका डबे घेऊन उभ्या.

उल्हासनगरची गोष्टच वेगळी होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत कारखाना एकीकडे, वस्ती दुसरीकडे. उल्हासनगरमध्ये पुढच्या खोलीत शिलाईची चार यंत्रं, मागच्या खोलीत स्वयंपाक. निर्वासित आले तेव्हा मिळालेल्या बराकीतच त्यांनी धंदा मांडला, आणि तो धंदा घराच्याच मीटरवर वाढला. जीन्स शिवणारे, बिस्किटं भाजणारे, प्लास्टिकच्या वस्तू काढणारे, फर्निचरवाले. अशा ठिकाणी शुक्रवार लागू कसा करणार? कारखान्याची सुट्टी म्हणजे घराची वीज बंद. त्यामुळे ज्या वाटणीत बाबांचा कारखाना बसत होता, तिच्यात हे लोक कधी बसलेच नाहीत. त्यांच्याकडून वीज कमी करून घ्यायचा एकच मार्ग उरला, फीडर तोडणं.

आणि २००५ नंतर तो मार्ग रोजचा झाला. दाभोळचा प्रकल्प २००१ पासून बंद पडलेला, नवी केंद्रं उभी राहिलेली नव्हती, मागणी मात्र वाढत होती. जून २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि आम्ही महावितरणचे कर्मचारी झालो. राज्याची तूट चार हजार मेगावॅटच्या पुढे गेली. भारनियमन हा शब्द तेव्हा पाळण्यातल्या पोरांनाही कळू लागला. वेळापत्रकं वर्तमानपत्रांत छापून येत. वीज नियामक आयोगाने ठरवून दिलेल्या सूत्रानुसार भागांचे गट पडले. जिथे वीजगळती आणि थकबाकी जास्त तिथे तास जास्त. नियमात तर्क होता, आणि आकडे टाकून वीज घेणाऱ्यांवर वचक बसायलाच हवा होता, हेही खरं. पण ज्या गल्लीत एकजण आकडा टाकतो तिथेच दहाजण रांगेत उभं राहून बिल भरतात. त्या दहाजणांना अंधाराचं कारण मी काय सांगणार होतो? आमच्या नात्यातल्याच एका घरी पाणी सुटण्याची आणि वीज जाण्याची वेळ एकच आली होती. टाकी तळाला, मोटर बंद, आणि वहिनी तिसऱ्या मजल्यावर बादल्या नेत होती. तिने मला कधी बोल लावला नाही. मीच तिच्याकडे जायचं टाळू लागलो.

याच वर्षांत दोन गोष्टी घडल्या, त्यांचं मला आजही कौतुक वाटतं.

पहिली पुण्याची. शहरातल्या मोठ्या कारखान्यांकडे स्वतःची डिझेल जनित्रं पडून होती. भारतीय उद्योग महासंघाच्या पुढाकाराने त्यांनी सुचवलं की टंचाईच्या तासांत आम्ही ती चालवतो, तेवढी जाळ्यातली वीज आम्ही घेत नाही, ती शहराला द्या. नव्वद मेगावॅटच्या आसपासची ती सोय होती. डिझेलची वीज महाग, म्हणून वरचा खर्च ग्राहकांकडून विश्वासार्हता आकार म्हणून घ्यायचा. आयोगाने २००६ मध्ये याला मान्यता दिली आणि पुण्याचं भारनियमन थांबलं. 'पुणे मॉडेल' म्हणून ते गाजलं. आमच्या कंट्रोल रूममध्ये आम्ही त्यावर तासन्‌तास बोललो आहोत. अंबरनाथमध्ये असं होईल का? आमच्याकडचे बहुतेक कारखाने लहान. त्यांची जनित्रं दोन दिवे आणि एक पंप चालवण्यापुरती. त्यांच्याकडे द्यायला होता तो एक वार, आणि तो त्यांनी आधीच देऊन टाकला होता.

दुसरी गोष्ट गावांची. महावितरणची अक्षय प्रकाश योजना. गावाने ठरवायचं की संध्याकाळच्या कमाल मागणीच्या वेळी पंप, पिठाची गिरणी, हीटर लावायचं नाही, फक्त दिवे, पंखा, टीव्ही. आकडे काढून टाकायचे. बदल्यात गावाची वीज तोडली जाणार नाही. गावाने दिलेला शब्द हाच करार. एखाद्याने मोटर लावली की शेजारीच जाऊन सांगायचे. ही योजना राज्यातल्या कितीतरी गावांनी पाळली. मला तिच्यात बाबांचा शुक्रवार दिसला. आधी सांगितलं आहे, का ते सांगितलं आहे, काय मिळणार ते माहीत आहे. माणूस मग आपलं आयुष्य त्याभोवती बसवून घेतो.

कारण शुक्रवारभोवती आमच्या पट्ट्याने खरोखरच आयुष्य बसवलं होतं. कामगारांच्या घरची साखरपुड्याची बैठक शुक्रवारी. गावाकडच्या जमिनीचं काम असेल तर गुरुवारी रात्रीची एसटी. अंबरनाथच्या शिवमंदिरात सोमवारी गर्दी, पण शुक्रवारी दुपारी वालधुनी नदीच्या काठावर पत्ते खेळत बसलेले एमआयडीसीतले लोक मी लहानपणी पाहिले आहेत. लाइनमनही शुक्रवारची वाट बघत. कारखाने बंद म्हणजे औद्योगिक फीडरवर भार नाही, मग शटडाऊन घ्यायचा, इन्सुलेटर पुसायचे, जंपर घट्ट करायचे, झाडाच्या फांद्या छाटायच्या. एमआयडीसीनेही तेच केलं. बारवी धरणातून येणाऱ्या जलवाहिन्यांची दुरुस्ती शुक्रवारी काढायची. म्हणून आजही उल्हासनगर-अंबरनाथकडच्या घरांत गुरुवारी रात्री बायका पिंपं भरून ठेवतात. विचारलं तर म्हणतील, शुक्रवारी एमआयडीसीचं पाणी नसतं. विजेशी याचा काही संबंध होता, हे आता कोणाला आठवत नाही.

पुढे शुक्रवारालाही किंमत लागली. ज्या कारखान्यांची भट्टी विझवता येत नाही, ज्यांची रसायनं मध्येच थांबवली तर फुकट जातात, ते एक्स्प्रेस फीडरवर अखंड पुरवठा मागू शकत होते. सुट्टीचं बंधन नाही, मात्र दर जास्त. ज्याने बंद ठेवायचं कबूल केलं त्याला दर कमी. दरपत्रकातले हे 'कंटिन्युअस' आणि 'नॉन कंटिन्युअस' गट २०१६ मध्ये एक केले गेले, तोवर विजेची टंचाईही ओसरली होती. २०१२ च्या अखेरीस राज्याच्या बहुतेक भागांतलं भारनियमन संपलं होतं.

त्याआधीपासून वेळेप्रमाणे दराची पद्धत आलीच होती. २०१६ नंतरच्या दरपत्रकात सकाळी ९ ते १२ युनिटमागे ८० पैसे जास्त, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे जास्त, आणि रात्री १० ते सकाळी ६ दीड रुपया कमी. कागदावर हे सुरेख दिसतं आणि जाळ्याला त्याचा उपयोग झाला, हे मी मीटरवर पाहिलं आहे. पण अंबरनाथच्या आनंदनगरमध्ये माझ्या ओळखीचा एक भट्टीवाला लोखंड वितळवायचं काम रात्री नेऊ लागला, तेव्हा त्याच्याकडची बारा माणसं रात्रपाळीची झाली. त्यातला एक आमच्या वाडीतला. दिवसा पत्र्याच्या खोलीत झोप लागेना, दोन वर्षांत त्याचं अंग उतरलं. दीड रुपयाची सवलत मालकाच्या बिलात आली. त्याच्या झोपेचा हिशेब कोणत्याच बिलात आला नाही. मागणी हलवायची म्हणजे कोणाचा तरी दिवस हलवायचा, हे दर ठरवणाऱ्यांनी दर वेळी समोर ठेवावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

१२ ऑक्टोबर २०२० ला, सकाळी दहाच्या सुमारास, कळवा-पडघा वाहिन्यांच्या बिघाडातून मुंबई महानगराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. मला तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी हात आपोआप फोनकडे गेला. पडघा आमच्यापासून लांब नाही. चंद्रपूरच्या कोळशाची वीज साडेसातशे किलोमीटरवरून तिथे उतरते. एवढी मोठी जाळी, आणि ती त्या दिवशी काही मिनिटांत कोसळली. अशा क्षणी मागणी झटकन कमी करून देणारे हजारो ग्राहक हाताशी असणं किती मोलाचं आहे, हे ज्याने एलडीचा फोन घेतला आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणूनच टाटा पॉवरने २०२३ मध्ये मुंबईत ऑटोग्रिड या कंपनीबरोबर सहा हजार मोठ्या ग्राहकांसह ७५ मेगावॅट मागणी कमी करण्याचा कार्यक्रम जाहीर केला, ती बातमी मी कापून ठेवली आहे. आधी निरोप पाठवायचा, या तासात वापर कमी करा, केला तर मोबदला. आमच्याकडेही घरोघरी टीओडी, म्हणजे वेळेप्रमाणे दर लावणारे, मीटर बसताहेत. सौर वीज वाढली म्हणून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला सवलत देण्याची पद्धत आली आहे. सूनबाई कपड्यांचं मशीन आता दुपारी लावते. जी भट्टी दराने रात्रीत ढकलली, ती सूर्यामुळे पुन्हा दिवसात आली तर आमच्या वाडीतल्या त्या माणसाला सर्वांत आधी कळवायला मी जाईन.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी काही कामासाठी आनंदनगरला गेलो होतो. रस्ते ओस, शटर खाली, चहाच्या टपरीवर एक वॉचमन. एका डीपीच्या स्ट्रक्चरवर दोन लाइनमन चढलेले, खाली अर्थिंगची साखळी लावलेली, 'काम चालू आहे' ची पाटी टांगलेली. त्यातला एक माझ्या हाताखाली शिकलेला निघाला. वरूनच ओरडला, "काका, घरी लाइट आहे ना?"

आहे म्हटलं, सकाळपासून आहे.